मेंदूतल्या फुग्यातला रक्तप्रवाह मोजताना: आकड्यावर विश्वास ठेवता यावा म्हणून काय काय करायचं

मेंदूच्या धमनीला आलेल्या फुग्यात, म्हणजे अॅन्युरिझममध्ये, रक्त कसं फिरतंय याची रंगीत चित्रं आता सहज काढता येतात. फुग्याच्या गळ्यातून, म्हणजे अरुंद तोंडातून, आत शिरणारी लाल धार, मधला गरगरता भोवरा, कडेचा निळा संथपणा. बघणारा खूश होतो. पण प्रवाहरेषा काढणाऱ्या सॉफ्टवेअरला नुसता नॉइज, म्हणजे निरर्थक आकडे, दिला, तरी ते तितक्याच देखण्या रेषा काढून देतं. चित्राकडे बघून खरं-खोटं कळत नाही. ते कळतं आकडे तपासल्यावर.

सांगली-मिरजेत आणि आसपास एमआरआय चालवणारे टेक्निशियन, रेडिओलॉजीचे रेसिडेंट आणि अशा फुग्यांचं कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करणारे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी यांच्यासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो. या मोजमापाची विश्वासार्हता नव्वद टक्के स्कॅनच्या टेबलावर ठरते, नंतरच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही. आणि ज्या आकड्यापुढे ‘इतकं कमी-जास्त असू शकतं’ असं लिहिता येत नाही, तो रिपोर्टात जाऊ नये.

मोजायचं कशासाठी, ते आधी ठरवा

प्रौढांमध्ये शंभरात साधारण तिघांच्या मेंदूत न फुटलेला फुगा असतो आणि त्यातले बहुतेक आयुष्यभर फुटत नाहीत. फुगा आहे का, कुठे आहे, केवढा आहे, हे बघायला टाइम-ऑफ-फ्लाइट एमआरए (इंजेक्शनशिवाय रक्तवाहिन्या दाखवणारा एमआरआय), सीटी अँजिओ आणि डीएसए (धमनीत नळी घालून, औषध सोडून काढलेला एक्स-रे) आहेत. एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये लिस्बनला मेंदूच्या धमन्यांची पहिली अँजिओग्राफी केली. त्या वाटेने आलेली डीएसए आजही आकारासाठी शेवटचा शब्द मानतात. प्रवाहाचा वेग मोजायचा असेल तर फेज-कॉन्ट्रास्ट एमआरआय लागतो. तोच तिन्ही दिशांना आणि हृदयाच्या पूर्ण ठोक्यावर पसरून घेतला की त्याला फोर-डी फ्लो म्हणतात.

डोक्यात एकदम वीज पडल्यासारखं दुखलं, उलट्या झाल्या, मान ताठली असा पेशंट आला, तर फ्लो स्कॅनचा विचारही करायचा नाही. आधी ताबडतोब साधा सीटी आणि न्यूरोसर्जनला फोन. फ्लो स्कॅन न फुटलेल्या फुग्यासाठी, सवडीने करायचा.

शिवाय प्रवाहाच्या आकड्यावर उपचार ठरत नाहीत. २०१४ मध्ये आलेला फेझेस स्कोर डॉक्टर वापरतात. त्यात लोकसमूह, रक्तदाब, वय, फुग्याचा आकार, आधी दुसरा फुगा फुटून झालेला रक्तस्राव आणि फुग्याची जागा एवढंच आहे. रक्तप्रवाह त्यात नाही. नसण्याचं एक कारण हेच, की प्रवाहाची मापं एका सेंटरची दुसऱ्याशी जुळत नाहीत.

पेशंटची तयारी

सुरुवात सुरक्षेपासून. पूर्वी क्लिपिंग (फुग्याच्या गळ्याला चिमटा लावण्याचं ऑपरेशन) झालेला पेशंट असेल तर क्लिप कोणती, हे ऑपरेशनच्या कागदावर बघितल्याशिवाय मॅग्नेटच्या खोलीत घ्यायचं नाही. जुन्या काही स्टीलच्या क्लिपा चुंबकाने ओढल्या जातात. टायटॅनियमच्या बहुतेक चालतात. ‘लय वर्षं झाली, आता काय होतंय’ या उत्तरावर भागवू नका. स्टेंट किंवा क्लिपच्या लगतचा सिग्नल बिघडलेला असतो, म्हणून तिथला वेग मोजायचा प्रयत्नच करू नये. फुगा आतून भरायला घातलेल्या प्लॅटिनमच्या कॉइलचं तेवढं नसतं, पण कॉइल भरलेल्या भागात मोजण्यासारखं वाहतं रक्तही फारसं उरत नाही.

त्यानंतर मेंदूचा रक्तप्रवाह हलवणाऱ्या गोष्टी बघा. चहा-कॉफीतलं कॅफिन तो कमी करतं. घाबरून भराभरा श्वास घेणाऱ्याचा कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि प्रवाहही उतरतो. रक्त कमी असेल तर प्रवाह वाढतो. जत-आटपाडीहून पहाटेच्या एसटीने आलेला माणूस स्टँडवर दोन कप चहा घेऊनच वर येणार, त्यात त्याचा दोष नाही. तुम्ही फक्त विचारा आणि लिहून ठेवा: चहा कधी घेतला, बीपी किती, नाडी किती, हिमोग्लोबिन किती. सहा महिन्यांनी तोच पेशंट उपाशीपोटी आला आणि आकडा बदललेला दिसला, तर निदान कारण शोधता येईल.

मिरजेला अथणी, चिक्कोडी, विजापूरकडचे पेशंट रोज येतात. ‘मान हलवू नका’ हे त्यांना कन्नडमध्ये सांगणारं कोणी हवं. दहा मिनिटांच्या स्कॅनमध्ये डोकं एक मिलिमीटर सरकलं तर आपण ज्या व्हॉक्सेलमध्ये (प्रतिमेच्या सगळ्यात लहान घनात) मोजतोय तो पूर्णच बदलतो. दोन्ही कानांशेजारी पॅड घट्ट बसवा आणि खोकला असेल तर तारीख बदला.

गेटिंग, म्हणजे स्कॅन हृदयाच्या ठोक्यांशी जुळवणं, बहुतेक ठिकाणी बोटाच्या सेन्सरवर होतं. एसीत बोट गार पडलं की नाडीची लाट बारीक होते आणि मशीन ठोके चुकवतं. हात पांघरुणात ठेवा. नेलपॉलिश काढायला सांगा. गडद मेंदी असेल तर दुसरं बोट किंवा पायाचं बोट वापरून बघा. नाडी अनियमित असेल, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशन, तर ठोक्यातल्या चढ-उताराचे आकडे देऊ नका. सरासरी प्रवाह द्या आणि तसं लिहा.

व्हॉक्सेल किती बारीक

आधी टाइम-ऑफ-फ्लाइट घ्या आणि त्यावर फुगा, त्याचा गळा आणि मूळ धमनी मोजा. मग शांतपणे भागाकार करा: व्यास भागिले व्हॉक्सेलची बाजू. हृदय आणि मोठ्या वाहिन्यांच्या फोर-डी फ्लोसाठी तज्ज्ञांनी २०१५ मध्ये ज्या शिफारशी केल्या, त्यात व्यासावर निदान पाच-सहा व्हॉक्सेल हवेत असं म्हटलंय. मेंदूत हे अवघड जातं. मानेतून मेंदूकडे जाणारी आतली कॅरॉटिड साडेचार-पाच मिलिमीटरची, म्हणजे एक मिलिमीटरच्या व्हॉक्सेलने कशीबशी बसते. मधली सेरेब्रल धमनी तीन मिलिमीटरच्या आत-बाहेर. तिथे तीनच व्हॉक्सेल पडतात आणि त्यातले दोन कडेचे, अर्धे रक्तात, अर्धे भिंतीत.

मग व्हॉक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा का करू नये? कारण त्याचं आकारमान एक अष्टमांश होतं आणि त्याबरोबर सिग्नलही. तो नुसत्या वेळाने भरून काढायचा तर चौसष्टपट वेळ लागेल. व्यवहारात ३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं एकक) मशीनवर पाऊण ते एक मिलिमीटरवर तडजोड होते. १.५ टेस्लावर सिग्नल जवळजवळ निम्मा, म्हणून तिथे अपेक्षा त्याच बेताने ठेवा.

कन्सोलवर फसायची एक जागा आहे. पडद्यावर दिसणारा पिक्सेल बऱ्याचदा इंटरपोलेट केलेला, म्हणजे मधले आकडे हिशोबाने भरून बारीक केलेला, असतो: दाखवतो ०.५, प्रत्यक्षात घेतलेला १. भागाकारात घेतलेलाच आकडा वापरायचा. तीन मिलिमीटरच्या फुग्याला तीन व्हॉक्सेल पडत असतील तर आतल्या वेगाचे आकडे देऊ नका, फुगा कुठे आहे आणि मूळ धमनीतून किती रक्त जातंय एवढंच सांगा.

व्हेन्क: सगळ्यात जास्त चुका इथेच

फेज-कॉन्ट्रास्टमध्ये वेग फेजच्या कोनात उतरतो. ज्या वेगाला कोन १८० अंश होतो तो व्हेन्क, आणि तो आपण स्कॅनआधी ठरवतो. रक्त त्याहून वेगात गेलं तर आकडा उलटा पलटतो. व्हेन्क १२० ठेवला आणि रक्त सेकंदाला १३० सेंटिमीटरने गेलं, तर मशीन उलट्या दिशेने ११० दाखवेल. या भीतीने सगळे जण व्हेन्क चढा ठेवतात. कॅरॉटिडसाठी ते ठीक आहे. फुग्यासाठी मात्र त्यानेच घात होतो.

साध्या दोन-टप्प्यांच्या एन्कोडिंगमध्ये एका व्हॉक्सेलमधल्या वेगाची चूक अशी निघते: ०.४५ गुणिले व्हेन्क, भागिले एसएनआर (सिग्नल नॉइजच्या किती पट आहे तो आकडा). व्हेन्क १२० आणि एसएनआर २० धरा. चूक आली सेकंदाला २.७ सेंटिमीटर. धमनीत रक्त ६० ने धावतंय, तिथे ही चूक साडेचार टक्के. कोणी विचारतही नाही. फुग्याच्या आत तेच रक्त ६ ने फिरतंय, तिथे तीच २.७ ची चूक पंचेचाळीस टक्के होते. एकाच स्कॅनमधला एक आकडा भरवशाचा आणि त्याच्या शेजारचा जवळजवळ निकामी, आणि रंगीत चित्रात दोन्ही सारखेच ठाम दिसतात.

आता व्हेन्क ३० करा. चूक ०.७ च्या आत येते, म्हणजे फुग्यात साधारण अकरा टक्के. पण धमनीतला वेग पलटतो. यावर चांगला उपाय म्हणजे दोन व्हेन्कचा स्कॅन: चढ्याने खरी दिशा आणि अंदाज घ्यायचा, उतरत्याने बारीक माप, आणि पलटलेले व्हॉक्सेल चढ्याच्या आधाराने सरळ करायचे. तुमच्या मशीनवर ती सोय नसेल तर दोन वेगळे स्कॅन घ्या. वेळ नसेल तर फुगा की धमनी, एक निवडा. दोन्हींसाठी मधला व्हेन्क घेतला की दोन्हींत थोडी थोडी खोट राहते.

व्हेन्क पुस्तकातून घेऊ नका. मूळ धमनीवर एक पातळ टू-डी फेज-कॉन्ट्रास्ट काप घ्या, त्यातला सर्वाधिक वेग वाचा आणि चढा व्हेन्क त्याच्या थोडा वर ठेवा. मिनिटाभराचं काम आहे.

एसएनआर कुठे मोजायचा, हेही महत्त्वाचं. मेंदूच्या पांढऱ्या भागात मोजून चालणार नाही, फुग्याच्या आतच मोजायचा. आत रेंगाळणाऱ्या रक्ताचा सिग्नल मशीनच्या रेडिओ पल्सनी दबून गेलेला असतो, त्यामुळे तिथला एसएनआर धमनीपेक्षा बराच कमी भरतो आणि वरचं पंचेचाळीस टक्क्यांचं गणित आणखी बिघडतं. गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट) दिलं तर हा सिग्नल वर येतो. दुसऱ्या कारणासाठी कॉन्ट्रास्ट द्यायचंच असेल, तर फ्लो स्कॅन त्याच्यानंतर लावा. नुसत्या फ्लोसाठी द्यायचं की नाही, हे क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघून रेडिओलॉजिस्टने ठरवावं.

वेळेचे तुकडे

नाडी ७५ असेल तर एक ठोका ८०० मिलिसेकंदांचा. ५० मिलिसेकंदांची फ्रेम घेतली तर सोळा फ्रेम मिळतात, १०० ची घेतली तर आठ, आणि ठोक्याचं टोक चपटं होतं. कॉम्प्रेस्ड सेन्सिंगने (कमी मापं घेऊन बाकीचं हिशोबाने भरायच्या तंत्राने) स्कॅन निम्म्या वेळात होतो, पण फार ताणलं की तेही टोक बोथट करतं. त्यात गंमत अशी, की चित्र अधिक स्वच्छ दिसतं. सेंटरमध्ये अॅक्सिलरेशनचा, म्हणजे स्कॅन किती पट लवकर उरकायचा याचा, एक आकडा ठरवा आणि गर्दीच्या दिवशीही तोच ठेवा.

स्थिर मेंदूत वेग शून्य यायला हवा

मशीनचं चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलताना धातूत उठणाऱ्या एडी करंटमुळे फेजमध्ये एक हलकी उतरण तयार होते आणि जिथे काही हलत नाही तिथेही वेग दिसतो. म्हणून फुगा शक्यतो मॅग्नेटच्या बरोबर मध्यावर आणा. ग्रेडियंटच्या, म्हणजे जागेनुसार बदलणाऱ्या चुंबकीय क्षेत्राच्या, चुका कडेला वाढत जातात. मॅक्सवेल दुरुस्ती (ग्रेडियंटसोबत आपोआप येणाऱ्या जादा क्षेत्राची) आणि ग्रेडियंटच्या वाकडेपणाची दुरुस्ती मशीनमध्ये चालू आहे ना, ते बघा. मग मेंदूच्या स्थिर भागात चार-पाच ठिकाणी वेग वाचा, आणि शिरा, पाण्याच्या पोकळ्या व चरबी टाळा.

एक सेंटिमीटर प्रतिसेकंदाचा शिल्लक वेग किरकोळ वाटतो. पाच मिलिमीटरच्या कॅरॉटिडवर त्याने मिनिटाला बारा मिलिलिटरचा फरक पडतो, अडीचशेमध्ये पाच टक्के. सहाच्या वेगाने फिरणाऱ्या फुग्यात मात्र तो सहावा हिस्सा आहे. दुरुस्त्यांचा क्रम लिहून भिंतीवर लावा आणि दर वेळी तोच पाळा.

कडा कोण आखतं

फुग्याची हद्द फ्लो स्कॅनच्या धुरकट प्रतिमेवर आखू नका. टाइम-ऑफ-फ्लाइट, सीटी अँजिओ किंवा थ्री-डी डीएसएवर आखा आणि ती फ्लोवर बसवा. टाइम-ऑफ-फ्लाइटमध्येही मोठ्या फुग्यातला संथ भाग काळा पडतो आणि फुगा लहान दिसतो, म्हणून मोठ्या फुग्याला सीटी अँजिओ बरा.

तीन मिलिमीटरची धमनी साडेतीनची आखली तर क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं. अडीचची आखली तर ३१ टक्क्यांनी घटतं. अर्ध्या व्हॉक्सेलचा फरक आहे हा, माउस जरा इकडे-तिकडे झाला की पुरे. दोघांनी एकमेकांचं न बघता आखायचं आणि दोन्हींतला फरक हीच त्या आकड्याची किमान चूक धरायची.

भिंतीवर रक्ताचं घासणं, म्हणजे वॉल शिअर स्ट्रेस, याबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न येतात आणि त्याच्यावरच माझा सगळ्यात कमी विश्वास आहे. ते भिंतीलगतचा वेग किती झपाट्याने बदलतो यावरून काढतात, आणि नेमका तिथलाच व्हॉक्सेल अर्धा भिंतीत असतो. फोर-डी फ्लोचा हा आकडा खऱ्यापेक्षा कमीच येतो. कुठे जास्त, कुठे कमी एवढं तुलनेने सांगा. पास्कलमध्ये लिहू नका.

आवक-जावकीचा ताळा

सांगलीत इर्विन पुलाजवळ कृष्णेत जेवढं पाणी आहे त्यात हरिपूरच्या संगमावर वारणेचं मिळालं, की अंकलीच्या पुलाखालून तेवढ्या बेरजेचं पाणी जायला हवं. मेंदूतही हाच हिशोब, फक्त उलटा, फाटे फुटत जाणारा. कॅरॉटिडमधून वर आलेलं रक्त मधल्या आणि पुढच्या सेरेब्रल धमनीत वाटलं जातं, थोडं मागच्या जोडधमनीत आणि डोळ्याकडे. मागून येणाऱ्या दोन व्हर्टिब्रल धमन्या मिळून बॅसिलर धमनी होते, मधे सेरिबेलमची फांदी वजा.

तपासणी तीन ठिकाणी करा. एकाच सरळ धमनीवर थोड्या अंतरावर दोन काप घेतले, तर प्रवाह तोच यायला हवा. फाट्याच्या आधीचा आणि नंतरचा प्रवाह जुळायला हवा. आणि फुग्याच्या गळ्यावर काप ठेवला, तर आत गेलेलं आणि बाहेर आलेलं रक्त ठोक्याच्या हिशोबात सारखं भरायला हवं, कारण फुग्याला दुसरं दार नसतं. गळ्याचा ताळा फारसे लोक करत नाहीत. माझ्या मते या अख्ख्या लेखातली सगळ्यात उपयोगी तपासणी तीच. ती नापास झाली की आतल्या भोवऱ्याचं वर्णन करण्यात अर्थ उरत नाही.

माझी स्वतःची मर्यादा दहा टक्के. त्याच्यावर फरक गेला तर आधी व्हेन्क पलटलाय का बघतो, मग कडा, मग पार्श्वभूमीचा फेज. ढोबळ अंदाजही हाताशी असू द्या: प्रौढाच्या मेंदूला मिनिटाला साधारण ७०० मिलिलिटर रक्त जातं, त्यात एका कॅरॉटिडचा वाटा अडीचशेच्या आसपास. कॅरॉटिडमध्ये ५०० आलं तर पेशंटबद्दल काही ठरवण्याआधी मशीन तपासा.

सिम्युलेशन करणाऱ्यांसाठी

सांगलीत वालचंद कॉलेज आहे, शेजारी मिरजेत स्कॅनर आहेत. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांनी फुग्याचं सीएफडी, म्हणजे प्रवाहाचं कॉम्प्युटरवरचं गणित, करावं अशी जागा याहून चांगली कुठली? पण आत येणाऱ्या रक्ताचा आकडा पुस्तकातला घेऊन चालत नाही, त्याच पेशंटचा मोजलेला घ्या. गणितासाठी फुग्याचे पाडलेले तुकडे, म्हणजे जाळी, दुप्पट बारीक करून उत्तर हलत नाही ना ते बघा, आणि पहिले एक-दोन ठोके टाकून द्या. २०१८ च्या मॅच चॅलेंजमध्ये संशोधकांच्या वेगवेगळ्या गटांना एकाच पेशंटच्या फुग्यांच्या त्याच प्रतिमा दिल्या होत्या. त्यांनी आखलेल्या कडा वेगळ्या निघाल्या आणि उत्तरंही. एमआरआयशी तुलना करताना सीएफडीचा वेग आधी एमआरआयच्या व्हॉक्सेलएवढा सरासरी करून घ्या, नाहीतर बारीक जाळी आणि जाड व्हॉक्सेल यांची भांडणं लागतात.

खरा कस फँटमवर, म्हणजे फुग्याच्या नकली नमुन्यावर, लागतो. पेशंटच्या सीटी अँजिओवरून थ्री-डी प्रिंटरने फुगा काढा. पाण्यात वजनाने ४० टक्के ग्लिसरीन घाला. २० अंशांना त्याची व्हिस्कॉसिटी, म्हणजे दाटपणा, रक्ताजवळ, ३.७ मिलिपास्कल-सेकंदाच्या आसपास येते. एप्रिल-मेच्या दुपारी एसी नसलेल्या लॅबमध्ये ती बरीच उतरते, म्हणून तापमान लिहिलेलं नसेल तर प्रयोग धरू नका. पंप मॅग्नेटच्या खोलीबाहेर ठेवा, नळी आत न्या. परतीचं द्रव मोजपात्रात घ्या आणि स्टॉपवॉच लावा. एमआरआयने सांगितलेला प्रवाह आणि मोजपात्रातला प्रवाह यांतला फरक, हीच तुमच्या मशीनची खरी चूक. मशीनची सर्व्हिस झाली किंवा सॉफ्टवेअर बदललं की हे पुन्हा करायचं.

रिपोर्टात काय लिहायचं

प्रवाह, त्यापुढे चूक, ताळ्याचा फरक किती टक्के, मशीन किती टेस्लाचं, घेतलेला व्हॉक्सेल, व्हेन्क, फ्रेमचा काळ, नाडी, बीपी. चित्रं लावणार असाल तर रंगपट्टीच्या टोकांचे आकडे ठरलेले ठेवा. सॉफ्टवेअर दर वेळी पट्टी आपोआप ताणतं आणि मागच्या वर्षीचा निळा फुगा या वर्षी उगाच लाल दिसतो.

मागच्या स्कॅनशी तुलना करताना दोन्हींच्या चुका एकत्र होतात. प्रत्येकी दहा टक्के चूक असेल तर फरकाची चूक चौदा टक्के, म्हणजे ‘प्रवाह बारा टक्क्यांनी वाढला’ हे वाक्य लिहिता येत नाही. मशीन बदललं असेल तर तुलनाच टाळा. शक्य असेल तेव्हा एखाद्या तयार पेशंटला टेबलावरून उतरवून पुन्हा झोपवा आणि लगेच दुसरा स्कॅन घ्या. असे काही जोड जमले की तुमच्या सेंटरची खरी चूक सूत्राशिवाय कळते.

‘वॉल शिअर कमी आहे, फुटण्याचा धोका आहे’ असं लिहू नका. वाढ आणि फुटणं यांचा संबंध काही अभ्यासांनी जास्त शिअरशी जोडलाय, काहींनी कमी शिअरशी. नातेवाईक ‘साहेब, फुटंल का हो?’ विचारतात तेव्हा फ्लोचा रंग दाखवायचा नाही, त्यांना न्यूरोसर्जनकडे पाठवायचं.

सीडी देताना नुसते स्क्रीनशॉट भरू नका. तिन्ही दिशांच्या फेजच्या आणि मॅग्निट्यूडच्या (सिग्नलच्या ताकदीच्या) सगळ्या फ्रेम, सोबत टाइम-ऑफ-फ्लाइट. पेशंट पुढे पुण्याला किंवा कोल्हापूरला गेला तर तिथे नव्याने हिशोब करता यावा. पाकिटावर व्हेन्क पेनने लिहा. तो फाइलच्या हेडरमध्ये असतो, पण दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला दर वेळी वाचता येतोच असं नाही.